मेपल ओळखा, मगच लावा

टोरांटोत घर घेतलं, की अंगणात मेपल लावायची हौस मराठी माणसालाही येते. आम्ही रोपवाटिकेतून ‘शुगर मेपल’ अशी चिठ्ठी बांधलेलं रोप आणलं. पाच टोकांचं, थेट कॅनडाच्या झेंड्यावर शोभेल असं पान. झाडानं चांगला जोम धरला. पण ऑक्टोबरात आजूबाजूचे शुगर मेपल केशरी-लाल होऊन झडायला लागले, तरी आमचं झाड हिरवंच असायचं आणि नोव्हेंबरच्या सुमारास कसंबसं पिवळं पडायचं. त्याच्या खाली हिरवळ धरेना, फुलझाडं जगेनात. शेवटी एका जाणत्या माळ्यानं हिरवं पान तोडून देठ मोडला. रुईच्या पानासारखा पांढरा चीक टपकन बाहेर आला. “हा नॉर्वे मेपल,” तो म्हणाला.

रोपवाटिकेकडे तक्रार केली, पण पावतीवर नुसतं ‘मेपल’ लिहिलेलं. तोवर खोड 30 सेंटिमीटरच्या वर गेलं होतं, आणि एवढं जाड झाड टोरांटोत महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. नॉर्वे मेपल मूळचा युरोपातला. त्याच्या बिया वाऱ्यावर जवळच्या रानात जातात आणि त्याच्या गच्च सावलीत तिथली मूळची रोपं वर येत नाहीत. म्हणून हा प्रश्न एकट्याच्या अंगणाचा राहत नाही.

पानाच्या आकारावर विसंबू नका. 2013 मध्ये कॅनडाच्या नव्या प्लास्टिक नोटांवरचं पान नॉर्वे मेपलचं आहे, असा आक्षेप तिथल्या वनस्पतीतज्ज्ञांनी घेतला होता; बँकेनं ते अनेक पानांवरून बेतलेलं चित्र असल्याचं सांगितलं. जिथे नोटेवरून वाद होतो, तिथे रोपाच्या चिठ्ठीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

सुरुवात फांदीपासून करा. मेपलची पानं फांदीवर समोरासमोर, जोडीनं येतात. काश्मीरचा चिनार पाहून पुष्कळ पर्यटक त्याला मेपल म्हणतात. पण चिनारची पानं एकाआड एक येतात आणि त्याला गोल लोंबती फळं धरतात. मेपलचं फळ मात्र दोन पंखांचं.

मग पानाची कड पाहा. शुगर मेपलच्या पानाला मोजकेच मोठे दात असतात, मधली कड गुळगुळीत आणि दोन टोकांमधली खाच तळाशी गोलसर. रेड मेपलची कड बारीक दातेरी, खाच अणकुचीदार. सिल्व्हर मेपलचं पान खोलवर चिरलेलं आणि खालून चंदेरी. नॉर्वे मेपलचं पान शुगर मेपलसारखंच दिसतं, म्हणून तिथे देठ मोडून पाहावा: शुगर मेपलचा रस स्वच्छ असतो. ही परीक्षा वसंतात किंवा उन्हाळ्यात करावी. ‘क्रिमसन किंग’ नावाचा वाण उन्हाळाभर जांभळट-लाल दिसतो आणि लोक त्याला रेड मेपल समजतात. तोही नॉर्वे मेपलच आहे.

हिवाळ्यात पानं नसली, तरी अडत नाही. जुन्या नॉर्वे मेपलच्या सालीवर बारीक, सारख्या भेगांची जाळी असते. जुन्या शुगर मेपलची साल लांब पट्ट्यांनी एका कडेनं उचललेली दिसते. कळ्याही पाहा: शुगर मेपलची तपकिरी, बारीक, टोकदार, नॉर्वेची जाडजूड आणि बोथट.

फुलांचा पुरावा सगळ्यात पक्का. सिल्व्हर आणि रेड मेपल पालवी फुटण्याआधीच फुलतात; रेड मेपलची फांदी तेव्हा लालेलाल दिसते. शुगर मेपलची पिवळसर-हिरवी फुलं लांब दोऱ्यांवर खाली लोंबतात. नॉर्वेचे हिरवट-पिवळे झुबके ताठ उभे राहतात. नॉर्वेच्या फळाचे पंख जवळजवळ सरळ रेषेत पसरतात, शुगर मेपलचे घोड्याच्या नालासारखे खाली वळतात.

एक इशारा जिवाला जपण्यासाठी. मॅनिटोबा मेपलच्या कोवळ्या रोपाला तीन-तीन पर्णिका येतात आणि ते अंगावर खाज-फोड आणणाऱ्या पॉयझन आयव्हीसारखं दिसतं. मेपलची पानं समोरासमोर, आयव्हीची एकाआड एक. खात्री होईपर्यंत हात लावू नका.

रोप घेताना पावतीवर शास्त्रीय नाव लिहून घ्या. शुगर मेपल म्हणजे एसर सॅकरम. एसर सॅकरिनम लिहिलं असेल, तर तो सिल्व्हर मेपल, ज्याच्या फांद्या वादळात मोडतात. एसर प्लॅटनॉइडीज म्हणजे नॉर्वे. नाव लिहून द्यायला दुकानदार तयार नसेल, तर ते रोप घेऊ नका.