मोज्यातली भेट

मुलांनो, इंग्लंडमध्ये २४ डिसेंबरच्या रात्री निजण्यापूर्वी मुले एक लांब पायमोजा पलंगाच्या पायथ्याशी टांगून ठेवतात. नाताळच्या सकाळी तो भरलेला असतो. पण पायमोजा तो केवढा! मोठे खेळणे त्यात मावत नाही. म्हणून देणाऱ्याला विचार करावा लागतो. धाकट्याला रंगीत खडू, भटकंतीची आवड असलेल्या थोरल्याला होकायंत्र, आणि अगदी टोकाशी एक संत्रे. संत निकोलसाने एका निर्धन पित्याच्या घरी गुपचूप सोने टाकले, अशी आख्यायिका आहे. संत्रे ही त्या सोन्याची खूण, असे सांगतात.

दुसऱ्या महायुद्धात तेथे संत्री दुर्मिळ झाली. कापडाला १९४१ पासून कूपन लागू लागले. १९४२ पासून गोळ्या-चॉकलेटेही मोजून मिळू लागली, ती थेट १९५३ पर्यंत. तेव्हा कित्येक मातांनी जुने स्वेटर उसवले आणि त्याच लोकरीचे हातमोजे रात्री विणले. भेट तर गुप्त राहिली पाहिजे. मग माप कसे घेणार? मला वाटते, निजलेल्या मुलाच्या तळहातावर हलकेच दोरा धरूनच ते घेतले असेल.