पडवीतलं गांधीलमाशीचं पोळं

पडवीच्या वाशाला किंवा संडासाच्या पत्र्याखाली एका देठावर लटकलेली राखाडी, कागदासारखी छत्री दिसली, तर ते गांधीलमाशीचं पोळं समजा. कप्पे खालून उघडे असतात, मध नसतो. माशी पिवळी किंवा तांबूस, कंबर अगदी दोऱ्यासारखी, उडताना पाय खाली लोंबतात. भिंतीवर चिखलाचं घर थापणारी कुंभारीण वेगळी. ती एकटी राहते, उगाच चावत नाही. तिला राहू द्या.

गांधीलमाशी पिकावरच्या अळ्या उचलून पिलांना घालते, म्हणून बांधावरच्या झाडावरचं पोळं मोडू नका. पण दाराशी, पोरांच्या वाटेवर असेल तर काढावं लागतं, आणि तेही रुपयाएवढं असतानाच. अंधार पडल्यावर अंगभर कपडे घालून, तोंड-डोकं ओढणीने गुंडाळून, दुरून साबणाचं पाणी फवारा. माशा पडल्या की लांब काठीने पोळं पाडून पुरून टाका. स्टुलावर चढून हे करू नका. माशा अंगावर आल्या की पहिला तोल जातो. रॉकेलचा पलिता तर नकोच, शेजारी गोठा आणि कडबा असतो. पोळं मोठं असेल तर जाणकार माणूस बोलवा.

चावली तर हात न झटकता तिथून लांब व्हा, कारण ही माशी पुन्हा पुन्हा डंख मारते. मधमाशीसारखा काटा आत राहत नाही. अंगठी-बांगड्या सूज यायच्या आधी काढा, जागा साबणाने धुवा, थंड फडकं ठेवा. लोखंड घासणं, चुना लावणं यात वेळ घालवू नका. चावल्या जागी दोन-तीन दिवस सूज राहिली तर घाबरू नये.

पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, दम लागला, उलटी किंवा चक्कर आली, तर “एवढ्या भाकरी थापते नि मग बघते” असं म्हणू नका. काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. लगेच १०८ ला फोन करा. बाईला आडवं झोपवून पाय उंच ठेवा; दम लागत असेल तर टेकून बसवा. चालत पाठवू नका. एकदम खूप माशा चावल्या किंवा घशात चावली, तरी दवाखानाच. नंतर लघवी कमी किंवा लालसर झाली तर पुन्हा दाखवा, मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो.

आधी कधी असा त्रास झालेल्या ताईने गटात सांगून ठेवावं, आणि पोळं काढायला तिने जाऊ नये.