मोमोतारोची शिदोरी

जपानात मोमोतारो नावाच्या वीराची एक जुनी लोककथा सांगतात. राक्षसांच्या बेटावर स्वारी करण्यास तो एकटाच निघाला. वाटेत त्याला कुत्रा, माकड आणि एक रानपक्षी भेटले. त्याने आपल्या शिदोरीतील लाडू त्यांना दिले व ते तिघे त्याचे सोबती झाले. कुत्रा चावला, माकडाने ओरबाडले, पक्ष्याने चोचीने टोचले. राक्षस शरण आले. एकट्या मोमोतारोला हे साधले नसते.

१९८७ साली जपानी लोकांनी या कथेवरून पडद्यावर खेळावयाचा खेळ रचला. त्यात खेळणाराच मोमोतारो होतो आणि तेच सोबती त्याच्या साहाय्यास येतात.

आपल्याकडेही असे घडले आहे. जळोची गाव ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील पुणे शहरात 'राजी' हा खेळ तयार झाला व २०२० साली प्रसिद्ध झाला. राक्षसांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ राजी निघते. दुर्गा व विष्णू तिची कथा सांगतात.

जी कथा कोणी सांगत नाही, तिचा खेळ कोण रचणार? जुन्या कथा ही पूर्वजांची शिदोरी होय. ती वाटावी, म्हणजे सरत नाही.