बाय, सड्यावरच्या प्लॉटांचं बोलू या

बाय गो, काल फोनवर तुझा आवाज भरून आला, तो अजून कानात आहे. सड्यावर चुन्याच्या रेघा पडल्या, सिमेंटचे खांब रोवले गेले आणि रस्त्याच्या तोंडाशी 'समुद्र दिसणारे बंगलो प्लॉट' असा फलक लागला. पंचायतीत तू तोंड उघडलंस तर सगळे म्हणाले, "तुला काय कळतंय, गावात पैसा येतोय तर येऊ दे." तुला कळतंय, बाय. पण कळलेलं कागदावर कसं आणायचं ते मला चुका करून शिकावं लागलं, म्हणून तुला सांगते.

माझ्या सासरच्या वाडीवरही असाच सडा आहे. तिथे प्लॉट पडले तेव्हा आम्हाला जेसीबीचा आवाज आल्यावर जाग आली. आम्ही पंधरावीस बायका वर गेलो, यंत्रासमोर उभ्या राहिलो, घसे बसेपर्यंत बोललो. दोन दिवस काम थांबलं. आम्हाला वाटलं, जिंकलो. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा आम्ही तालुक्याला गेलो. टेबलामागच्या माणसाने फाइल उघडून शांतपणे विचारलं, "तुमची लेखी हरकत कुठे आहे?" फाइलमध्ये आमचा एकही कागद नव्हता. परवानगीचा आदेश कधीच झाला होता.

आमच्या वाडीच्या विहिरीला आत उतरायला जांभ्याच्या पायऱ्या आहेत. लग्न होऊन आले तेव्हा मे महिन्यात सातवी पायरी उघडी पडायची. वर बंगले झाले, एकेका कुंपणात बोअर गेली. आता मार्च सरता सरता मी अकराव्या पायरीवर उभी राहून कळशी बुडवते.

म्हणून तू आधी सडा, म्हणजे गावावरचा हा जांभ्याचा कातळमाळ, समजून घे. सातबाऱ्यावर त्याला पोटखराबा लिहितात आणि तो शब्द वाचूनच लोकांना वाटतं, पडीक जागा आहे, गेली तर गेली. तो खराबा नाही. पावसाळ्यात कातळाच्या भेगांतून मुरलेलं पाणी जांभ्यातून झिरपत खाली येतं, त्याचाच पऱ्या होतो, त्याचीच आपली विहीर होते. श्रावण-भाद्रपदात तिथे रानफुलं येतात, गुरं चरतात. कोकणातल्या कित्येक सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळी, बारसू, उक्षी, जांभरुण इथली शिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तुमच्या सड्यावर म्हातारी माणसं 'पांडवांचं चित्र' म्हणून काही दाखवत असतील तर फोटो काढून आण, ते हरकतीला जोड.

आता कागदांकडे ये. गट क्रमांक घे, सातबारा, आठ-अ आणि अलीकडचे सगळे फेरफार काढ. आपल्याकडे सड्याच्या सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत आणि काही तर कधीच वारलेली. दोघा-तिघांचा अविभक्त हिस्सा कुलमुखत्यारपत्रावर विकला जातो आणि खांब मात्र अख्ख्या सड्यावर उभे राहतात. हिस्सा विकता येतो, पण वाटप झाल्याशिवाय अमुक तुकडा माझा असं घेणाऱ्याला म्हणता येत नाही. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हितसंबंधितांना हरकतीसाठी 15 दिवस असतात. शिमग्याला पालखी नाचवायला चाकरमानी येतील, तेव्हा अंगणात बसवून एकेकाला विचार, सही कोणी केली, कशावर केली. भांडू नकोस. विकणारा आपलाच चुलता असतो, बहुतेक वेळा आजारपण नाहीतर मुलीचं लग्न त्याच्या मागे असतं. त्याला वाळीत टाकाल तर पुढची जमीन तो रात्रीत विकेल.

मग नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढ, गट शेती विभागात आहे की निवासी ते कळेल. रेखांकनाचा अर्ज कुठवर आलाय ते माहितीच्या अधिकारात विचार. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. जागा 500 चौरस मीटरहून मोठी असेल आणि प्लॉट आठाहून जास्त असतील, तर विकण्याआधी महारेराची नोंदणी लागते. फलकावर तो क्रमांक आहे का, बघ. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरीही लागते.

हरकत लिहिताना जपून. "बाहेरचे लोक नकोत" हे वाक्य कुठेही येऊ देऊ नकोस. ते मला पटतही नाही, आपलीच अर्धी माणसं मुंबईत बाहेरची होऊन राहिली आहेत. पाणी लिही. विहिरी किती, कुठे, कोणत्या महिन्यात किती उतरतात. पाणंदीची रुंदी टेपने मोजून लिही, तिथून टँकर वळेल का ते विचार. सांडपाणी कुठे सोडणार, पऱ्या अडवलाय का, उतार किती कापलाय, झाडं तोडायची परवानगी आहे का. प्रत्येक मुद्द्याला फोटो आणि तारीख. तहसीलदार, जिल्हाधिकारी, नगररचना, तिघांना वेगवेगळ्या प्रती दे आणि तुझ्या प्रतीवर शिक्का, सही, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नकोस. माझ्याकडे तो जांभळा शिक्का असता तर मी आज वेगळं काही सांगत असते.

ग्रामसभा 1 मेला होईल. तिच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते, ती कागदावर उरकू देऊ नकोस. पाणी भरणारी बाई तिथे जे बोलेल ते पुरुषांच्या सभेत बोलणार नाही. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा पुरतो, तेव्हा घरोघर जाऊन माणसं आण. ठराव इतिवृत्तात शब्दशः उतरला का ते तिथेच वाचून घे. एक मात्र खरं सांगते, ग्रामसभेचा ठराव म्हणजे स्थगिती नव्हे. परवानगी देणारा अधिकारी तो बाजूला ठेवू शकतो. पण अपिलात, न्यायाधिकरणात, कोर्टात पहिला प्रश्न हाच येतो की गावाने वेळेत काय कळवलं होतं.

आणि बाय, ठरावात आणखी एक ओळ घाल. वाडीत लग्न झालेल्या पोरांना वेगळं घर बांधायला जागा नाही, एका पडवीत दोन चुली आहेत. गावठाण विस्ताराची मागणी त्याच सभेत कर. घरांना आपला विरोध नाही, विहीर आटवणाऱ्या घरांना आहे, हे तेव्हाच लोकांना पटेल.

शिमग्याला मी दोन दिवस आधी येते, सातबारे आपण दोघी मिळून वाचू. तोवर एवढं कर. उद्या सकाळी पाण्याला जाशील तेव्हा विहिरीच्या उघड्या पायऱ्या मोज, वहीत तारीख घालून आकडा लिही आणि शेजारच्या दोघींच्या सह्या घे.