सायकलच्या ब्रेकचे रबर

यवतमाळ गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे. आसपास टेकड्या आहेत. तेव्हा रस्त्यांना चढ-उतार आलेच. चढावर पाय थकतात, एवढेच. पण उतारावर ब्रेक लागला नाही, तर जिवावर बेतते.

ब्रेक दाबला की दोन रबरे चाकाच्या रिमला दाबून धरतात. घासून घासून ती झिजतात. मग रबराचे लोखंडी घर रिमला घासू लागते. त्याआधीच रबर बदलावे. हे काम आपल्याला घरी करता येते.

आधी पान्ह्याने नट सैल करू. दोन्ही जुनी रबरे काढू. नवी बसवू. आता नीट पाहा. घराचे एक तोंड बंद असते. चाक पुढे फिरताना रबराला ज्या बाजूला ओढते, त्या बाजूला बंद तोंड ठेवू. उलटे बसवले, तर ऐन उतारावर रबर निसटून पडेल!

रबर रिमला टेकावे, टायरला नको. रिमला तेल लागू देऊ नये. नट घट्ट आवळू. मग सायकल हाताने ढकलून ब्रेक दाबून पाहू. चाक जागीच थांबले पाहिजे.

पावसात रिम ओली होते. ब्रेक उशिरा लागतो. तेव्हा हळू चालवा, बरे का! मागे आपले लेकरू बसलेले असते.