आधी जाहीर, मग लागू

वाशीगावच्या रात्रीच्या वर्गात एक आजी येत असत. एकदा त्यांनी विचारले, "गुरुजी, कायदा तिकडे मुंबईत होतो. तो आम्हांला कळायचा कसा? न कळताच दंड झाला तर?"

गुरुजी म्हणाले, "आजी, असे एकदा झाले होते. ऐका."

जयपूर संस्थानात १९२३ साली अफूचा कायदा झाला. पण तो कोठे छापला नाही, की त्याची दवंडी पिटली नाही. कागद दप्तरातच राहिला. पुढे हरला नावाच्या माणसाला त्याच कायद्याखाली पन्नास रुपये दंड झाला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९५१ साली कोर्टाने सांगितले, लोकांना न कळवलेला कायदा लोकांवर चालत नाही. हरला सुटला.

आपल्या राज्याचे कायदे 'महाराष्ट्र शासन राजपत्रा'त छापतात. राजपत्र म्हणजे सरकारची छापील दवंडी. कायद्यात तारीख दिली असेल, तर तो त्या तारखेपासून लागू होतो. तारीख नसेल, तर कायद्याला संमती मिळाल्याचे राजपत्रात छापून येते, त्या दिवसापासून.

"मग मला ठाऊक नव्हते म्हटले, की सुटका?" आजींनी विचारले.

"नाही. १९६२ च्या नोव्हेंबरात एक परदेशी माणूस विमानाने मुंबईला आला. अंगावर चौतीस किलो सोने लपवलेले! सोन्याचा नवा नियम चारच दिवस आधी राजपत्रात आला होता. मला ठाऊक नव्हते, असे तो म्हणाला. सुप्रीम कोर्टाने ते मानले नाही. सरकारने जाहीर करायचे, आपण वाचायचे."

आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "नवी मुंबईसाठी आमच्या जमिनी गेल्या, तेव्हाही कागद आले होते. आमच्यापाशी अंगठा होता, अक्षर नव्हते."

गुरुजी म्हणाले, "आता अक्षर आहे. शहराचा विकास आराखडा पक्का होण्याआधी त्याचा मसुदा जाहीर करतात. लोकांच्या हरकती व सूचना मागवतात. त्यांची मुदत नोटिशीत लिहिलेली असते. मुदतीत लिहून द्या आणि पोच घ्या. मुदत टळली, की बोलणे अवघड."

दुसऱ्या दिवशी आजी नोटीस-फळ्यापाशी थांबल्या. बोट ठेवून, अक्षर लावून त्यांनी वाचले, "ह-र-क-ती." मग त्या खालची तारीख शोधू लागल्या.

तुम्हीही नोटीस दिसली, की तीन गोष्टी पाहा : विषय कोणता? तारीख कोणती? हरकत कोठे द्यायची?