बिल किलोत वाचावं

नागपूरकराला वीज कुठून येते हे शिकवावं लागत नाही. सावनेर रोडला लागलं की कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, पुढे खापरखेड्याच्या.

१. बिल युनिटमध्ये नाही, किलोत वाचावं. आपला कोळसा एका युनिटला साधारण ६००-७०० ग्रॅम लागतो, आणि त्याचा तिसरा हिस्सा राखडच. मे महिन्यातली एसीची एक रात्र ८ युनिटांची धरली तर ५ किलो कोळसा जळाला. दीड किलोहून जास्त राखड मागे उरली.

२. ती राखड कुठेतरी राहतेच. काही सिमेंटात, विटांत जाते. काही पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडतात. जुलै २०२२ च्या पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला. राखडीचं पाणी शेतांत, नाल्यांत आणि पुढे कन्हान नदीत गेलं. कन्हानचं पाणी नागपूर पितं.

३. कूलर हे विदर्भाचं शहाणपण आहे, यावर मी कुणाशीही भांडेन. एसीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याच्या विजेत भागवतो. (पाणी पितो, हेही खरं.) पण त्याला बाहेरचीच हवा ओढावी लागते. आमच्या अरुंद गल्लीत एकाच्या एसीचा डबा समोरच्याच्या कूलरवर गरम झोत सोडतो. ऐपत असलेल्याची खोली गार होते, नसलेला स्वतःच्या उन्हासोबत शेजाऱ्याचंही सोसतो. ज्या गावाने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिले, तिथे ही बाब किरकोळ नाही.

४. भांडेवाडीत शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या केंद्राला जातं. पेंच धरणावरचा भार तेवढा हलका. चांगल्याला चांगलं म्हणावं.

५. ‘केंद्र बंद करा’ म्हणणं सुखवस्तू धरमपेठेतून सोपं. मे २०२३ मध्ये कोराडीत ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांवर जनसुनावणी झाली, विरोध जोरात होता. पण त्याच पट्ट्यात कंत्राटी कामगार, राखडीचे ट्रकवाले, खानावळी चालवणाऱ्या बाया आहेत. ‘वीज राज्याला, राखड आम्हाला’ ही तक्रार मला रास्त वाटते. मात्र तिच्यात रोजीचाही प्रश्न मिसळलेला असतो, तो वगळून बोलू नये.

६. सौर पॅनेल ज्याची गच्ची, त्याचं. भाडेकरूचं बिल तेवढंच येतं, आणि वरच्या मजल्यावर सगळ्यात जास्त तापतो तो बहुधा तोच.